बिजलीचा परदेशखर्च

सकाळी आंबोळ्यांचं पीठ घोटत होते, तोच मागल्या दारावर थाप पडली. पलीकडच्या मोहल्ल्यातली साबेरा होती. काखेत टोपली, टोपलीत तिची मांजर बिजली. तिचा नवरा करीम मोंबाशाला शिवणकामाला गेला, त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून या दोघीच त्या घरात. आता त्यानं साबेराला बोलावून घेतलं होतं. बोटीचं तिकीट आलं होतं, पण एकटीचंच.

"वहिनी, हिला टाकून मी नाय जायची. हिच्या कागदांना काय लागंल ते काढून द्या. तुम्ही शिकलेल्या."

शिकलेली म्हटलं की मी विरघळते. पीठ तसंच ठेवून हिशेबाला बसले. गुरांच्या डॉक्टरचा दाखला तीन रुपये, टोपलीचं भाडं अंदाजे पाच. आणि माणसाच्या पासपोर्टाला फोटो लागतो, तर मांजरीला का नाही? तीन. एकूण अकरा. साबेराकडे टोप्या विणून साठवलेले अकराच होते. ते जुळलेले पाहून मला कोण आनंद!

ओट्यावरून हे म्हणाले, "घरच्या किराण्याचा मेळ बसत नाही, आणि निघाली मांजर आफ्रिकेला धाडायला."

मी ऐकलं नाही. फोटोवाल्यानं बिजलीला वेताच्या खुर्चीवर बसवलं, मागे राजवाड्याचा पडदा सोडला.

"हसरी हवी का, बाई?"

"सरकारी काम आहे," मी गंभीरपणे सांगितलं.

दाखलाही झाला. मग बोटीच्या एजंटाकडे गेलो. फोटो पाहून त्याला हसू आवरेना. "मांजरीला फोटो कशाला? दाखला पुरे. भाडं मात्र आठ."

साबेराच्या पदरात उरले होते पाच. बोट परवाची.

"कमी पडतात ते मी भरते," मी चाचरत म्हटलं. खरं तर चूकच माझी. पण साबेरा कुणाचं फुकट घेत नाही. मीठ मागायला आली तरी अंडं ठेवून जाते. तिनं नकारार्थी मान हलवली. मग पदराखालून फोटो काढून माझ्यापुढे धरला.

"वहिनी, हा तुम्ही विकत घ्या. तीन रुपयांना."