पळसापासून सरकलेला पॉइंट

भूत-प्रेत, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. सर्व्हेचं काम करणारा माणूस मी — मोजता येतं तेवढंच खरं. तरी हे लिहितोय.

कापूस दरवर्षी दगा देत होता, त्या काळातली गोष्ट. पांढरकवड्याजवळच्या एका बंजारा तांड्यात जुने पाणवठे नकाशावर घेत होतो. तांड्याची विहीर आटत आली होती. तलावासाठी तांडा हलला तेव्हा मागे राहिलेली जुनी विहीर कुठे होती, हे आठवणारी एकटीच उरली होती — सोनीबाई. काम सुरू करण्याआधी ती गुळाचा कोरा चहा पाजायची. तशी चव पुन्हा नाही मिळाली...

एक जीपीएस शाळेच्या गच्चीवर, अचूक माहीत असलेल्या जागी. तिथे माझा जोडीदार रामटेके. दुसरं माझ्या हातात. उपग्रहाचे आकडे तेव्हा बरेच चुकायचे. गच्चीवरचं किती चुकलं ते बघून संध्याकाळी कॉम्प्युटरवर माझे पॉइंट, म्हणजे नोंदवलेल्या जागा, दुरुस्त करायचे, बस.

सोनीबाई एका फुललेल्या पळसाखाली थांबली. "अथीच होती बापू. माही याडी अथूनच पाणी शेंदे." काठीने माती उकरली — खाली नुसता मुरूम. "काहून नाही दिसत वं माय?" म्हणत आईच्या आठवणीने ती तिथेच रडायला लागली. मला राहवलं नाही. तिच्या समाधानासाठी पॉइंट घेतला.

संध्याकाळी रेस्टहाउसवर डेटा दुरुस्त केला. सगळे पॉइंट जरा जरा सरकून जागेवर बसले. पळसाचा मात्र अख्खं शेत ओलांडून नाल्याकडे गेला!

"एवढी करेक्शन येतच नाही ना राजा," रामटेके म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सोनीबाईला घेऊन त्या जागी गेलो. बोराटीची काटेरी झुडपं तोडली... आत दगडी काठ, दोराने झिजलेल्या खाचा. ती त्या खाचांवरून कितीतरी वेळ बोटं फिरवत राहिली. पुढे तांड्याने गाळ उपसला. उन्हाळाभर पाणी पुरलं.

"आजी, काल मशीनची गडबड झालती," विहीर सापडली त्याच दिवशी काठावर मी म्हणालो होतो.

"मशीन कायले चुकन बापू? मीच चुकली होती."

जाणकारांना विचारलं. सिग्नल कशावर तरी आपटून आला असेल, म्हणाले. त्या उघड्या रानात कशावर आपटणार? दुसऱ्या सॉफ्टवेअरवरही तोच डेटा चालवला — पॉइंट विहिरीवरच. उपग्रहाची चूक कशी काढायची, ते मला येतं. पण सोनीबाईच्या आठवणीतली चूक कोणी काढली... खरंच नाही सांगता येत.