एकोणीस चिंचोके

"समजलं का?" असं विचारलं की आपल्याकडचा कुठलाही वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. त्या "हो"वर ज्या मास्तराने भरवसा ठेवला, तो बुडालाच म्हणून समजा. हर्षालीला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. असा "हो" म्हणण्यातच तिचं लहानपण गेलं होतं. सिन्नरच्या शाळेत भागाकार चालू असला की ती सगळ्यांत मोठ्याने "हो सर" ओरडायची, म्हणजे सर दुसऱ्या कुणाला तरी फळ्यापाशी बोलवायचे. बाप कंपनीत पाळ्यांवर जाणारा, आई कुसाबाईला अक्षरओळख नाही, घरी विचारणार कोण? सातवीपर्यंत पोरीचा भागाकार कच्चा राहिला आणि कुणाला पत्ता लागला नाही.

पुढे ती डीएड झाली, सहा वर्षं भरतीची वाट बघत बसली, आणि शेवटी नोकरी लागली ती सुरगाण्याच्या डोंगरातल्या एका पाड्यावर. शाळा दोन शिक्षकी. मुख्याध्यापक सोमनाथ सर तिच्याच तालुक्यातले निघाले. त्यांनी तिला खोली बघून दिली, सिलिंडर मिळवून दिला, ती तापाने फणफणली तेव्हा रस्त्यात आडवं उभं राहून जीप थांबवली आणि तिला दवाखान्यात नेलं. दोन वर्षं ती त्यांना राखी बांधत होती. शाळेत "सर", शाळा सुटली की "दादा". परमुलखात असा माणूस भेटायला नशीब लागतं, असं ती आईला फोनवर सांगायची. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण परक्याने दगा दिला तर माणूस दोन शिव्या हासडून मोकळा होतो. आपल्या माणसाचं तसं नसतं.

तिच्या चौथीच्या वर्गात एकोणीस मुलं होती, आणि "हो बाई" म्हणण्यात ती हर्षालीपेक्षाही तयार होती. मग तिने एक युक्ती केली. पोषण आहाराच्या अंड्यांचा एक रिकामा पुठ्ठ्याचा ट्रे घेतला आणि त्याच्या एकोणीस खळग्यांत एकोणीस नावं लिहिली. प्रत्येक मुलाने एक चिंचोका आणायचा आणि शाळेच्या दगडी पायरीवर घासून त्याची एक बाजू पांढरी करायची. दोन दिवस पायरीवर नुसती घासाघीस चालली होती. शाळा सुटताना एकेकाने आत जायचं आणि आपल्या खळग्यात चिंचोका ठेवायचा. आजचं समजलं असेल तर पांढरी बाजू वर, नसेल तर काळी. बाई तेव्हा बाहेर अंगणात.

"काळी ठेवली म्हणून मार नाही, ओरडा नाही, गुण कापणार नाही," हर्षालीने सांगितलं. "हे तुमचं नि माझं. तिसऱ्याला कळणार नाही."

पंधरा दिवस ट्रे पांढराशुभ्र. तिने मुद्दाम चुकीचं गणित सोडवलं, तरी पांढराच. पोरं बेरकी होती, बाईंना जोखत होती. मग एका संध्याकाळी सविताच्या खळग्यात काळी बाजू दिसली. हर्षालीला काय आनंद झाला! दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी तिने सविताला ओट्यावर घेतलं आणि तेरा खडे चौघांत वाटायला लावले. सविताने वाटले आणि हातातल्या खड्याकडे बघत म्हणाली, "बाई, हा उरला त्याचा काय करायचा?" ज्या प्रश्नाशी सातवीतली हर्षाली कधी पोचली नव्हती, त्या प्रश्नाशी ही पोर अर्ध्या तासात पोचली होती. काळी ठेवली की बाई आपल्या एकट्यापाशी बसतात, हे बाकीच्यांनी पाहिलं, आणि हळूहळू काळे चिंचोके येऊ लागले. कुणाला काय अडतं ते ती एका वहीत टिपून ठेवायची, म्हणजे सकाळी कुणाला काय द्यायचं हे डोक्यात राहायचं.

दिवाळीनंतर पाड्यावरची घरं द्राक्षबागांच्या कामाला निघाली. सविताचा बाप बारकू तिलाही न्यायला निघाला होता, धाकट्याला सांभाळायला कुणी हवं म्हणून. हर्षाली दारोदार फिरून आपल्या वर्गातली मुलं मागे ठेवून घेत होती, तशी त्याच्याही दारात जाऊन बसली.

"शाळंत तरी काय येतं तिला?" बारकू म्हणाला.

"येत नाही ते ती सांगते, बारकूभाऊ. म्हणूनच तिला येईल. ठेवा पोरीला, मी बघते."

आजी भिमाबाईने नातीला ठेवून घेतलं. "बाई म्हनते तं राहू दे," एवढंच ती म्हणाली.

जानेवारीत हर्षालीला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला नाशिकला जायचं होतं. गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये, विषय आकारिक मूल्यमापन. म्हणजे मुलाला कळतंय की नाही हे परीक्षेची वाट न बघता, शिकवता शिकवताच कसं ओळखावं. निघताना तिने वही सोमनाथ सरांच्या हातात दिली. "दादा, ज्यांची नावं सारखी येतात त्यांना सकाळी अर्धा तास घ्याल?"

"तू निर्धास्त जा," सर म्हणाले आणि वही पिशवीत ठेवली.

नाशकात तिने ट्रेची गोष्ट सांगितली तेव्हा हॉलमध्ये टाळ्या पडल्या. प्रशिक्षक निकिता मॅडमनी तिला पुढे बोलावून पुन्हा सांगायला लावलं, मोबाइलमधला ट्रेचा फोटो सगळ्यांना दाखवला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आपल्यासाठी टाळ्या वाजवतंय म्हणून हर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मुलांसाठी रंगीत खडूंचा डबा घेतला आणि चौथ्या दिवशी जीपमध्ये तो मांडीवर धरून ती पाड्यावर परतली.

सोमनाथ सर पेढ्यांचा पुडा घेऊनच पुढे आले. "पडताळणी पथक येऊन गेलं. शाळा अ श्रेणीत! तुझ्या चौथीचा निकाल शंभर टक्के."

"पथक? मला कुणी कळवलं नाही. आणि शंभर टक्के कसे, दादा? सात-आठ जणांना तर अजून..."

"परीक्षेला बाराच बसवले," सर म्हणाले. "सात जणांना आदल्या दिवशीच सांगितलं, उद्या सुट्टी. पथकाला म्हटलं, आईबापांबरोबर द्राक्षांच्या कामाला गेलीत. या दिवसांत कोण शंका घेतंय?" मग त्यांनी पिशवीतून तिची वही काढून तिच्यापुढे धरली. "तुझी ही वही होती म्हणून निभावलं बघ. भर वर्गात यातूनच नावं वाचली, एक चुकलं नाही."

हर्षालीच्या हातातला पेढा हातातच राहिला. सरांच्या तोंडावर लाज नव्हती, हेच तिला कळेना. माणूस खरंच तिचं कौतुक करत होता.

"दादा, ही वही मी तुम्हाला शिकवायला दिली होती."

"अगं, पाच महिन्यांत मी रिटायर होणार. बत्तीस वर्षांत कागदावर डाग नाही. जाता जाता लावून घेऊ? आणि तुझंही नाव झालंच की."

"पथकाचं पत्र कधी आलं होतं?"

सर पेढ्याच्या पुड्याचा दोरा गुंडाळू लागले. "झाले असतील दहा-बारा दिवस."

"आणि प्रशिक्षणाला माझं नाव?"

"मीच पाठवलं. तू असतीस तर ऐकलं असतंस का?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. ज्या वहीत पोरांनी विश्वासाने सांगितलेलं दुखणं उतरलं होतं, तीच वही हातात घेऊन या माणसाने पोरं घरी बसवली, आणि वही त्याच्या हातात दिली कुणी? हर्षालीने. तक्रार करायची तर कुणाकडे? वरच्यांना अ श्रेणी हवीच होती. शिवाय आपलेच दात नि आपलेच ओठ. ती वर्गात गेली आणि हजेरीपट उघडला. सात नावांपुढे सरांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, "स्थलांतरित". त्यांत सविताचंही नाव होतं. जिला हर्षालीने बापाशी भांडून इथे ठेवून घेतलं होतं, ती कागदावर द्राक्षबागेत गेली होती.

सविता दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी हर्षाली तिच्या घरी गेली. भिमाबाई अंगणात नागली पाखडत होती, तिने मान वर केली नाही.

"तुमीच सांगला, पोरीला ठेव. मी ठेवली," ती सुपाकडे बघत म्हणाली. "पोरीनं तुमाला खरा सांगला, तं तुमीच घरी बसवली."

"आजी, मी नव्हते तेव्हा. मी नाशिकला..."

"वही तं तुमचीच ना?"

हर्षालीने हात जोडले आणि पोरीला पाठवा म्हणाली. दुसऱ्या दिवशी सविता आली. त्या दिवशी हर्षालीने सगळ्या वर्गासमोर माफी मागितली. चूक माझी आहे, वही मी दुसऱ्याला द्यायला नको होती, असं म्हणून तिने ती मुलांसमोर चुलीत घातली. पोषण आहाराची खिचडी त्याच चुलीवर शिजत होती. मुलं शहाण्यासारखी ऐकत होती. "समजलं का?" तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"हो बाई," एकोणीस जण एका सुरात म्हणाले.

संध्याकाळी ट्रे पांढराशुभ्र होता. दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर आठवीच्या पुस्तकातलं एक लांबलचक गणित लिहिलं, एक शब्दही समजावला नाही आणि शाळा सोडली. मुलं एकेक करून आत गेली आणि बाहेर आली. हर्षाली ट्रेपाशी गेली. एकोणीसच्या एकोणीस पांढरे.

सविताचा चिंचोका तेवढा वेगळा दिसत होता, लहान आणि पातळ. हर्षालीने तो उचलून उलटा केला. खालची बाजूही पांढरी होती.

"सविता," तिने दारातून हाक मारली. पोर आत आली. "याची काळी बाजू कुठे गेली?"

"घासली." सविताने बोटं पुढे केली. बोटांची टोकं सोलवटून लाल झाली होती. "दोन दिवस घासत होते, बाई. आता कसा बी पडला तरी समजलाच."

मग ती दप्तर पाठीला लावून रांगेत जाऊन उभी राहिली.