शेवटचे आठ ठोके

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत लिफ्ट मेकॅनिकने मशीनरूममध्ये बसून फोनवर गाणं ऐकलं. त्याच्या हेवी मेटल बँडचा पहिला अल्बम यायचा होता आणि त्यातलं हे गाणं सगळ्यात आधी, शुक्रवारी, बाहेर पडणार होतं. ड्रम त्यानेच वाजवले होते. पण कानावर येत होते ते त्याचे नव्हते. पायांनी वाजवायच्या मोठ्या ड्रमचे ठोके शिलाई मशीनच्या टाक्यांसारखे एकसारखे पडत होते. त्याचा डावा पाय जन्मात इतका शहाण्यासारखा वागला नव्हता.

त्याने गिटारवाल्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, फोन लावला.

"माझ्या ड्रमचं काय केलंत?"

"कॉम्प्युटरवर जरा सरळ केले, भाऊजी. सगळेच करतात."

"मग मला कशाला बोलावलंत? चहा करायला?"

बरीच हुज्जत घातल्यावर मेहुणा नमला. गुरुवारी दुपारी स्टुडिओ अर्धा तास मोकळा होता. पुन्हा वाजवा, जमलं तर तुमचं, नाहीतर मशीनचं.

घरी जेवताना टेबलाखाली पाय सुरूच. "आवरा जरा," बायको म्हणाली. "पेले नाचताहेत."

गुरुवारी अर्धी रजा टाकून तो गेला. पहिल्या खेपेला काठी निसटली, दुसऱ्या खेपेला डावा पाय अडकला. तिसरी खेप जमली. फक्त शेवटचे आठ ठोके किंचित मागे पडले. तोवर पुढची मंडळी सामान घेऊन दारात उभी.

"तेवढे आठ सरळ करतो, काका," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

"हात लावायचा नाही."

"भाऊजी, चुकलंय ते!"

"चुकलंय. माझंच चुकलंय."

कोपऱ्यात बसलेला गायक खाकरला. "राहू दे तसंच. मी दुसऱ्या कडव्यात खोकलोय, ते कुठे काढलंत?"

मेहुण्याने कपाळाला हात लावला. खोकला त्याला गाण्याचाच भाग वाटला होता.

शुक्रवारी दुपारी गाणं बाहेर पडलं. मेकॅनिक दर मजल्यावर फोन काढून बघत होता. संध्याकाळी एका अनोळखी माणसाने गाण्याखाली लिहिलं, 'शेवटी ड्रमर दमला वाटतं.'

लगेच मेहुण्याचा फोन. "वाचलंत? सांगत होतो की नाही?"

"शेवटपर्यंत ऐकलं ना त्याने?" म्हणत मेकॅनिकने फोन ठेवला आणि शेवट पुन्हा लावला. आठही ठोके मागे होते. सातवा तर फारच.