नेबिओलो आणि माझं ‘नको नको’

व्हिसाच्या घोळात आमची इटलीची तिकिटं कॅन्सल करावी लागली, तेव्हा मी दोन दिवस तोंड पाडून बसले होते. पिएमोन्ते भागातली द्राक्षं वर्षभर वाचून पाठ केली होती. त्यातल्या नेबिओलोची वाइन एकदा तरी चाखायची, एवढंच माझं मागणं होतं. मग मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, शोध लागला की इथे अमेरिकेतच, आमच्या बॉथेल गावापासून तीन तासांवर, याकिमाच्या खोऱ्यात, इटालियन घराण्यातले एक आजोबा हीच द्राक्षं लावतात. शनिवारी सकाळी सातलाच आम्ही निघालो!

घाट ओलांडला आणि पाऊस, झाडी सगळं मागे पडलं. समोर गव्हाळ, कोरडे डोंगर आणि लख्ख ऊन. उतारावर वेलींच्या रांगा, बुंध्याशी ठिबकच्या नळ्या. ऑक्टोबर असूनही नेबिओलोचे घड वेलीवरच होते.

“ही सगळ्यांच्या शेवटी पिकते,” फ्रँक आजोबा म्हणाले. “तिकडे नेब्बिया (धुकं) उतरायला लागलं की काढणी. नाव त्यावरूनच पडलं म्हणतात.”

मी एक मणी तोंडात टाकला. नाशिकच्या बिनबियांच्या द्राक्षांवर वाढलेल्या माझ्या जिभेला त्या बिया आणि जाड साल म्हणजे नवलच होतं.

वाइन चाखायच्या टेबलाशी आधी दोल्चेत्तो आली, पिएमोन्तेच्याच दुसऱ्या द्राक्षाची. नावाचा अर्थ ‘गोडुली’, म्हणून मोठा घोट घेतला, तर गोडव्याचा पत्ताच नाही! मग तिसऱ्या द्राक्षाची बार्बेरा, गडद, आंबट, थेट कोकमाची आठवण करून देणारी. मंदार ड्राइव्ह करणार होता, त्यामुळे बिचारा नुसते वास घेत होता.

मग आजोबांनी नेबिओलोची बाटली उचलली. तळाशी जेमतेम अर्धा ग्लास. “माझ्याकडची शेवटची. देऊ?”

“नो नो, राहू द्या, तुम्हालाच ठेवा,” मी म्हणाले.

“बरं,” म्हणत त्यांनी बूच लावलं.

झालं! दुसऱ्यांदा विचारणं नाही, ‘अहो घ्या हो, एवढीशी तर आहे’ नाही. आभार मानून मुकाट्याने गाडीत येऊन बसले.

“यार, नको का म्हणालीस?” मंदार म्हणाला.

“पहिल्यांदा विचारल्यावर कोण हो म्हणतं?” मला रडूच यायला लागलं. सीटबेल्ट लावला, पुन्हा काढला आणि तरातरा आत गेले.

“मला ती हवी आहे. खूप हवी आहे. मघाशी मी खोटं बोलले!” आणि आमच्याकडे तीनदा आग्रह करायची पद्धत त्यांना समजावून सांगितली.

आजोबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “माझी नोन्नाही (आजीही) अशीच. अमेरिकेत आल्यावर पहिलं वर्षभर लोकांच्या घरून उपाशी परत यायची.”

त्यांनी बाटली माझ्या ग्लासात उपडी केली. रंग इतका फिका, विटकरी, की वाटलं पाणचट असणार. पण वास गुलाबाचा, त्यामागे ताज्या डांबराचा, आणि घोट उतरताच कच्चं जांभूळ चावल्यासारख्या हिरड्या आवळून आल्या. मी आनंदाने ओरडलेच.

बॉथेलला पोहोचलो तेव्हा पाऊस लागला होता. इतकी वर्षं या देशात काढली, पण हवं ते सरळ मागायला आज शिकले, या अभिमानात मी सोफ्यावर पाय पसरले.

“चहा टाकू?” मंदारने विचारलं.

“नको, राहू दे.”

त्याने दोन कपांचं आधण ठेवलं.