कच्चे तांदूळ

तळेघरच्या इंद्रायणीला कच्चे तांदूळ खायची ओढ लागली होती. पाखडताना एक चिमूट तोंडात, निवडताना दुसरी. एकदा सासूनं, धोंडाबाईंनी, तिला कणगीपाशी पकडलं.

"कच्चे तांदूळ खाल्ले की लग्नात पाऊस पडतो म्हनत्यात. तुझं तर लगीन बी झालं. आता काय पाडायचंय?"

गेल्या आवणीत भात लावताना तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती चिखलातच बसली. एकमेकींच्या शेतात जाऊन भात लावायची इथली रीत. मागं पडणारीच्या शेतावर यायला बायका कुरकुरतात. "आळ्याची हाय, सपाटीवरची," असं कुजबुजणं झालं. धोंडाबाईंनी तेव्हाच सांगून टाकलं, की पुढच्या आवणीला ही उभी राहिली नाही, तर गोरखनं हिला आळ्याला माहेरी पोचवावं. गोरख गप्प बसला. नवऱ्याचं ते गप्प बसणं तिला सासूच्या बोलण्यापेक्षा लागलं.

"मी जाणार नाय," ती म्हणाली. शिमगा झाल्यावर ती एकटीच चालत सरकारी दवाखान्यात गेली.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात निघालं.

"एवढ्या रक्तावर डोंगर चढतेस?" प्रतिभा सिस्टर म्हणाल्या. "आणि तांदळाची ती चटक नव्हे. रक्त कमी असलं की अशी ओढ लागते पुष्कळांना."

पाळीत फार जातं, हे तिनं डॉक्टरीणबाईंना पहिल्यांदाच सांगितलं. त्यावरही औषध मिळालं. लोहाच्या गोळ्या पुन्हा हातात आल्या तशी ती अवघडली.

"मागं दिल्या व्हत्या. शौचाला काळं झालं, फेकून दिल्या."

"काळं होतंच. घाबरायचं नाही. घ्यायचीस कशाबरोबर?"

"चहाबरोबर."

सिस्टरनी कपाळाला हात लावला. "चहा लोह अंगी लागू देत नाही गं. लिंबूपाण्याबरोबर घे. चहा दोन तासांनी. आणि बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नकोस, डॉक्टर थांब म्हणेपर्यंत घ्यायची."

घरी खेकड्यांचं कालवण होतं. एरवी खेकडे पुरुषांच्या ताटात जात आणि तिच्या भाकरीला रस्सा उरे. त्या दिवशी ती ताट घेऊन गोरखशेजारी बसली.

"बापयांच्या पंगतीला?" धोंडाबाई म्हणाल्या.

"व्हय. शेतात संगं, तर ताटावर बी संगं. तुमीबी बसा."

सासू बसली नाही. गोरखनं मात्र आपल्या ताटातली मोठी नांगी तिच्या ताटात टाकली.

आवणी लागली. इंद्रायणी ओळीत पहिली नव्हती. शेजारची भागू तिच्या पुढंच होती. कंबर दुखत होती, पण अंधारी आली नाही. दुपारी बांधावर भाकऱ्या झाल्या आणि चहाची किटली फिरली. इंद्रायणीनं कप परत केला, पदराची गाठ सोडून गोळी काढली आणि बाटलीतल्या लिंबूपाण्याबरोबर गिळली.

"चार बायांत कसले हे नखरे," सासू पुटपुटली.

"असूं द्या नखरे. या गोळ्या नसत्या, तर आजबी चिखलात बसले असते. मग तुमीच मला गाडीत बसवलं असतं."

वरच्या रस्त्यानं एसटी हॉर्न देत गेली. भागू हसली. "बघ गं, मंचरची गाडी. आळ्याला जायचं तर हीच."

"जाऊ दे रिकामी," इंद्रायणी म्हणाली. रोपांची जुडी उचलून ती सगळ्यांच्या आधी चिखलात उतरली.