अर्जासाठी सांगितलेली गोष्ट

दिग्रसच्या एका लहान संस्थेत मी अर्ज लिहायचं काम करत होते. कंपन्यांकडून अनुदान मिळवायचं आणि गरिबांना कमी खर्चात पक्की घरं बांधून द्यायची, हे संस्थेचं काम. बांधकामातलं मला काही कळत नव्हतं. लिहिता येत होतं, म्हणून ठेवलं होतं.

एका कंपनीच्या अर्जात एक रकाना होता: एका कुटुंबाची गोष्ट सांगा. आमच्या अध्यक्षांना सगळे सर म्हणायचे. त्यांनी मला जवळच्या एका गावात पाठवलं. तिथे एक विधवा बाई आपल्या आंधळ्या सासूबरोबर राहायची. हंगामात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, एरवी शेतात निंदायला. कुडाच्या भिंती, वर टिना, टिनांवर दगड.

"जय भीम, ताई. बसा," म्हणत तिने मला एकुलती खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. मागच्या पावसाळ्यात भिंत पडली, तेव्हा दोघी पंधरा दिवस गावातल्या बुद्धविहारात राहिल्या. म्हातारीला अंघोळ घालायला आडोसा नव्हता. सून लुगडं धरून उभी राहायची. तरी एकदा पोरं पाहून हसली, आणि त्यानंतर म्हातारीने अंघोळच सोडली.

"हे लिहू नका पण," ती हळूच म्हणाली. "बुढीले लाज वाटते."

मी "नाही लिहिणार" म्हटलं, आणि ऑफिसात येऊन नेमकं तेच लिहिलं. चांगलं लिहिलं. सरांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आता अनुदान कुठे जात नाही."

अनुदान मंजूर झालं. कंपनीची माणसं गाव पाहायला आली. त्यांतल्या एका बाईने म्हातारीचा हात हातात घेतला आणि हिंदीत, खऱ्याच कळवळ्याने म्हणाली, "अम्मा, अब आपको किसी के सामने नहाना नहीं पड़ेगा." म्हातारीने हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. सून माझ्याकडे पाहत राहिली. पाहुण्यांना चहा मात्र तिनेच दिला.

मी स्वतःला समजावलं, घर झालं की विसरेल.

मग करारातली अट पुढे आली: जागा लाभार्थ्याच्या नावावर हवी. तिचं घर ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी जागेवर. ग्रामपंचायतीचा ठराव, मोजणी, तहसील. फाइल फिरत राहिली. मार्चच्या आत काम संपवायचं होतं. कंपनीने कळवलं, कागद स्वच्छ असलेला दुसरा लाभार्थी द्या. सरांनी नाव सुचवलं. त्या माणसाची एक पक्की खोली आधीच होती, भावाच्या नावावर. बदललेली यादी मीच तयार केली.

सांगायलाही मलाच जावं लागलं.

"जागा माही नाही हे तुमाले पयलेच मालूम होतं न?" तिने विचारलं.

"होतं. वाटलं, होईल काहीतरी."

"मंग आमची इज्जत काहून नेली तिथं?"

आतून म्हातारीने विचारलं, "कोण हाय वं?" सून म्हणाली, "कोनी नाही, बुढे."

पुढे दोन वर्षं ती तहसीलच्या चकरा मारत राहिली. आमच्यापैकी कोणी सोबत गेलं नाही. तिला जागेचा पट्टा मिळाला, तोवर कंपनीने घरांचं काम थांबवून शिवणकामाचं प्रशिक्षण सुरू केलं होतं. आणि म्हातारी वारली होती.

एक दिवस ती ऑफिसात आली. मला वाटलं, घर मागायला आली. मी अनुदान बंद झाल्याचं सांगू लागले, तर तिने हातानेच थांबवलं.

"घर नको. मी इटा घेऊन राह्यली, थोड्या थोड्या. तुमच्या इंजिनेरनं माह्या घराचा नकाशा काढलता, तो द्या."

मी शोधला. तो त्या दुसऱ्या माणसाच्या फाइलीत होता, वर त्याचं नाव. झेरॉक्स काढली, ते नाव पेनाने खोडलं आणि विचारलं, "तुमचं लिहू?"

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमी नका लिहू."

कागदाची घडी करून तिने पिशवीत ठेवली आणि बस स्टँडकडे निघून गेली.