सोयगावच्या दारात चालू राहिलेली जीप

सोयगावला, आईच्या माहेरी जायचं ठरलं ते तिच्याच एका वाक्यावरून. भात वाढून घेता घेता ती म्हणाली, "या वेळी सुदाम दारापर्यंत येऊ शकणार नाही." अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ताटातून मान वर केली नाही. पण त्यांचा घास रेंगाळला, ते मी पाहिलं.

सुदाम म्हणजे माझा मामा, आईचा धाकटा भाऊ. दिवाळीनंतर अंगणात घसरून पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन तो आता खाटेवर आहे. तो दारापर्यंत येऊ शकणार नाही यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. आमच्याकडे त्यात सगळंच आलं, कारण गेली वीसेक वर्षं अण्णा आणि मामा भेटतात ते फक्त जीपच्या खिडकीत.

आमची जीप सरकारी लिलावातली. अण्णा पाटबंधारे खात्यात कारकून होते. साहेबांनी वापरून टाकलेली ती डिझेल जीप त्यांनी हौसेनं घेतली आणि तिच्यापायी घरातली बाकी सगळी हौस गुंडाळून ठेवली. मामाच्या थोरल्या मुलाच्या लग्नात नवरदेवाची वरात याच जीपमधून निघायची होती. फुलं लावली, नवरदेव बसला, बँड सुरू झाला आणि जीप काही सुरू होईना. सेल्फ मारला, धक्का दिला, ती नुसत्या उचक्या देत राहिली. मुहूर्त टळायला लागला तसा मामा सगळ्या गावासमोर म्हणाला, "दाजी, तुमच्या गाडीला डिझेल नाय, कडबा घाला." मग त्यानं खरंच बैलजोडी आणली, दोर बांधला आणि वरात ओढत मांडवात नेली. सगळं गाव पोट धरून हसलं. अण्णा स्टीअरिंग धरून बसून होते.

त्यानंतर अण्णांनी मामाच्या दारात इंजिन कधी बंद केलं नाही. आईला सोडायला जायचे, पण गाडी धडधडतीच ठेवायचे. "बंद केली तर चालू होणार नाय," हे कारण ठरलेलं. मामा तांब्या घेऊन बाहेर यायचा. पाऊसपाणी, कापसाचा भाव, एवढं बोलणं खिडकीतून व्हायचं आणि पाच-दहा मिनिटांत जीप परत फिरायची. भांडण म्हणावं तर नाही, आणि नाही म्हणावं तर वीस वर्षं झाली.

मी ठरवलं, आधी ते कारणच काढून टाकायचं. अण्णा पेन्शनच्या कामाला गेले त्या दिवशी गल्लीतल्या पोरांकडून धक्का मारून घेतला आणि आईला शेजारी बसवून जीप सिडकोतल्या शफीभाईंच्या गॅरेजला नेली. त्यांनी सेल्फ खोलला आणि माझ्याकडे दयेनं बघितलं.

"मॅडम, कारबन घिस गए थे, बस. इत्ते साल से धक्का कायकू मार रए थे?"

त्यांनी सेल्फच्या मोटरमधले झिजलेले कार्बन बदलले, थंड इंजिन तापवणाऱ्या हीटरचे दोन प्लग गेले होते तेही बदलले, नवी बॅटरी टाकली. बॅटरीच्या तारेवर त्यांनी हातानं फिरवायची एक हिरवी चकती बसवून दिली. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर ती सैल करून ठेवायची, म्हणजे करंट तुटतो आणि बॅटरी उतरत नाही; पुन्हा आवळल्याशिवाय गाडी चालू होत नाही. आई बाकड्यावर बसून सगळं ऐकत होती.

निघायच्या दिवशी पहाटे चांगलीच थंडी होती. जुनी डिझेल गाडी घेऊन हिवाळ्यात निघणाऱ्यांसाठी सांगते: किल्ली लावली की लगेच सेल्फ मारू नका. आधी हीटर तापू द्या, मग सेल्फ मारा, तोही सलग दहा सेकंदांच्या वर नको. नाही झाली तर थोडं थांबून पुन्हा. अण्णांनी तसंच केलं आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्यांनी ती बंद केली. पुन्हा सुरू केली. पुन्हा झाली.

"कुणी हात लावला?"

"मी."

"हं," म्हणाले आणि गिअर टाकला. मला वाटलं होतं खूश होतील. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

सोयगावला जायचा सरळ रस्ता सिल्लोड, अजिंठा आणि फर्दापूरवरून. तीन-साडेतीन तास लागतात, रस्ताही बरा आहे. अण्णांचा रस्ता मात्र दौलताबाद, खुलताबाद, कन्नड असा वळसा घालून जातो, कारण या वाटेवर त्यांना प्रत्येक थांब्याला उतार मिळतो. उतारावर लावलेली गाडी ढकलायला माणूस लागत नाही. ब्रेक सोडायचा, वेग आला की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, इंजिन धरतं. आमच्या घरात कुठलंही गाव सपाट की उताराचं, यावरून लक्षात राहतं. वेरूळची लेणी मी शाळेच्या सहलीत पाहिली. घरच्यांबरोबर कधीच नाही, वाहनतळ सपाट आहे.

दौलताबादच्या घाटात रस्त्याकडेला पेरूच्या पाट्या घेऊन बायका बसतात. मीठ-तिखट लावून चार फोडी करून देतात. सकाळी सकाळी घ्या, दुपारी उन्हानं मऊ पडतात. खुलताबादला पोह्यांसाठी थांबलो. समोर सपाट मोकळी जागा असताना अण्णांनी जीप वरच्या अंगाला नेऊन उतारावर लावली आणि चाकाखाली दगड ठेवला.

"अण्णा, सेल्फ नीट आहे आता."

"सवय हाय," ते म्हणाले. हॉटेलवाला त्यांना ओळखत होता. पोह्यांवर शेव टाकत म्हणाला, "अण्णा, आज मॅडमला ढकलायला आणलं व्हय?" अण्णा हसले नाहीत. पोहे चांगले होते, पंचवीस रुपये प्लेट, वर रस्सा मागाल तेवढा. चहा फार गोड असतो, आधीच सांगून ठेवा.

कन्नडला आईनं मामासाठी संत्री घेतली आणि निवडता निवडता अर्धा तास घालवला. ती दर संत्रं हातात घेऊन दाबत होती आणि एकही तिला पटत नव्हतं. शेवटी मला कळलं की तिला पोचायची भीती वाटत होती. भाऊ खाटेवर, नवरा खिडकीत आणि आपण मधल्या अंगणात ये-जा करतोय, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोर असणार. मी तिच्या हातातून पिशवी घेतली आणि म्हटलं, चल.

कन्नडनंतर गाडी मी घेतली. डोंगर उतरून खालच्या अंगाला आलं की रस्ता अरुंद होतो, खड्डे आहेत, पण दोन्ही बाजूंनी झाडी आणि मागे डोंगराची लांबच लांब कड, त्यामुळे चिडायला होत नाही. पेट्रोल पंप कमी आहेत, टाकी कन्नडलाच भरून घ्या. एका वळणावर समोर मेंढरांचा कळप आला. मी घाईत ब्रेक दाबला, क्लच विसरले आणि भर सपाटीवर इंजिन बंद पडलं. अण्णांचा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला. ढकलायला उतरायचं म्हणून.

कळपामागून आलेली धनगरीण खिडकीशी थांबली. "बाई, हॉर्न मारू नका. कोकरं बुजतेत."

"नाही मारत. कुठं निघालात?"

"खाली. चारा हाय तिकडं." तिनं जीपकडे बघितलं. "बंद पडली व्हय? पोरांना बोलावू का ढकलाया?"

मी किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू झालं. बाई "बरं हाय" म्हणून पुढे गेली. अण्णांनी कडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले. या गाडीत आता आपलं काही काम उरलं नाही, असं त्यांना वाटलं असावं. मला वाईट वाटलं. सोयगावच्या अलीकडे मी त्यांना म्हटलं, तुम्हीच घ्या पुढं.

मामाच्या दारात पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. आई उतरली, मी उतरले. अण्णा बसून राहिले, इंजिन चालू. मामी तांब्या घेऊन बाहेर आली. तांब्या मामानं आणायचा असतो, तो मामीच्या हातात बघून अण्णांनी नजर वळवली.

आत मामा खिडकीजवळच्या खाटेवर होता. केवढा धिप्पाड माणूस, आता उशीला टेकवून ठेवलेला. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. तो बाहेरच्या आवाजाकडे कान देऊन होता.

"आक्का, दाजी आलेत. चालूच हाय गाडी."

मग मामा मला म्हणाला, "तायडे, जाऊन सांग त्यांना. त्या दिशी मी लोकांनी हसावं म्हणून नव्हतो बोललो. मुहूर्त चालला होता, माझं डोकं चालंना, तोंडाला आलं ते बोलून बसलो. दुसऱ्या दिशी वाटलं माफी मागावी. मग वाटलं, दाजी इसरले असतील. मग लई उशीर झाला."

"तूच सांग ना मामा."

"मी कसा सांगू? येऊ दे की आत." आणि एकाएकी तो वॉकर ओढून उठायलाच लागला. पाय धरेना, तरी दात-ओठ खाऊन उठत होता. आईनं त्याचा खांदा धरला. मामी अंगणात धावली.

"दाजी, ते उठायलेत, पडतील पुन्यांदा."

आणि बाहेरचा आवाज थांबला. मी जन्मात त्या घरात एवढी शांतता ऐकली नव्हती. अण्णा चप्पल काढून आत आले, टोपी हातात. त्यांनी मामाला दोन्ही काखांत धरून खाली बसवला.

"गप पडून राहा की, सुदामराव. हाडं काय दुकानात मिळतेत?"

मामा रडायला लागला. अण्णांनी खाटेच्या कडेला बूड टेकलं आणि तसेच बसून राहिले. माफीचं कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळानं मामानं कापसाचा भाव काढला.

जेवायला वांग्याचं भरीत होतं. सोयगाव जळगावला खेटून असल्यानं हिवाळ्यात इथं भरीत खायलाच हवं. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर कच्चं तेल. अण्णांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या, मामीनं बळंच चौथी अर्धी वाढली. कुठल्याही हॉटेलात तुम्हाला हे मिळणार नाही, त्यासाठी सोयगावात मामा असावा लागतो.

चारला निघायचं म्हणून अण्णा उठले. खाटेवरचा मामा "बरं" म्हणाला, तेवढंच. आम्ही बाहेर आलो. अण्णांनी हीटर दिला, सेल्फ मारला. टक आवाजसुद्धा आला नाही. त्यांनी उतरून बॉनेटच्या कड्या काढल्या, मीही डोकावले. बॅटरीवरची हिरवी चकती पूर्ण सैल करून ठेवलेली होती. अण्णांच्या डोळ्यांसमोर होती, वीतभर अंतरावर. मी हात पुढे करणार तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बॉनेट खाली सोडलं.

"नाय होत चालू," ते खिडकीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले. गल्लीतली दोन-चार माणसंही ऐकत होती.

खिडकीतून मामा म्हणाला, "धक्का द्यायला बोलावू का कुणाला?"

"कशाला? सगळे कामात असतेत. उद्या बघू."

आई दारात पदराला हात पुसत उभी होती. हाताला काळं लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी दहाला निघालो आणि सिल्लोडच्या सरळ रस्त्यानं दुपारी दीडपर्यंत घरी. डिझेल सोडलं तर सगळ्या प्रवासाला पाचशे रुपयेसुद्धा लागले नाहीत.

घरी आल्यापासून मला एक गोष्ट खात होती. मी मोठी शहाणी, कार्बन बदलून घेतले, मेकॅनिकचं बिल भरलं आणि अण्णांचं वीस वर्षांचं रुसणं म्हणजे म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून मैत्रिणींना रंगवून सांगत आले. त्या वरातीत स्टीअरिंग धरून बसलेल्या माणसाला काय वाटलं असेल, हे कधी विचारलं नाही. संध्याकाळी ते अंगणात जीप पुसत होते, तिथं जाऊन सांगितलं.

"अण्णा, त्या लग्नात मीही हसले होते."

"माहीत हाय. आरशात दिसत होती. सगळ्यात आधी तूच हसली."

"मग माझ्यावर नाही रुसलात कधी?"

त्यांनी फडकं पिळलं, काचेवरून फिरवलं.

"तुझ्यावर रुसून काय करू? तू घरातच राहती. कुणाच्या दारात गाडी चालू ठेवून बसू?"